पहिल्या खाटेचा मानकरी

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात हळदीत होते. मी कॉटन ग्रीनला एका मसाल्याच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करतो. गोदामात पोती येतात, मी त्यातली चिमूटभर हळद काढून तपासतो आणि माल पास की नापास ते सांगतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. प्राणिशास्त्र शिकून हळद का तपासतोस, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. पण माझ्या टेबलावर 'पास' आणि 'नापास' असे दोन शिक्के आहेत, आणि ते मारताना मला अजूनही साहेब झाल्यासारखं वाटतं.

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"सर, रक्तपेढीतून बोलतेय. सव्वीस जानेवारीला तुम्ही लालबागच्या शिबिरात रक्त दिलं होतंत ना? एकदा प्रत्यक्ष येऊन भेटायला जमेल का?"

"कशासंदर्भात?"

"फोनवर नाही सांगता येणार, सर. तुम्ही या. सोबत घरचं कोणी असलं तरी चालेल."

शहाणा माणूस इथे सावध झाला असता. माझी छाती फुगली. आमच्या लालबागमध्ये माणसाला काही न सांगता घरच्यांसकट बोलावलं की त्याचा अर्थ एकच असतो: सत्कार. आमच्याकडे दहावी पास झालेल्याचा सत्कार होतो, रिटायर झालेल्याचा होतो, मांडवाला बांबू देणाऱ्याचा होतो. उरलाच कोणी तर त्याला सत्कार समितीवर घेतात आणि शेवटी त्या समितीचा सत्कार होतो. मग ज्याने इतकी वर्षं न चुकता रक्त दिलं त्याला रक्तपेढी बोलावणार ती कशाला?

आणि मी साधा रक्तदाता नव्हतो. आमच्या मंडळाचं शिबिर वर्षातून दोनदा होतं, सव्वीस जानेवारीला आणि एक मेला, बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. शिबिरप्रमुख मी. पहिली खाटही माझी. माईकवर भाषण ठोकायचं, बाही वर करायची आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या खाटेवर आडवं व्हायचं, हा माझा मान. बाटली भरली की माझी आई पुढे यायची आणि मुठीत मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढायची. सुई काढणारी नर्स दर वेळी दचकायची. मला मात्र त्या मिरच्या अंगावरून उतरल्याशिवाय रक्त दिल्यासारखं वाटायचं नाही.

त्याच दुपारी मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'उद्या रक्तपेढीत खास निमंत्रण. आपल्या सर्वांचे आशीर्वाद.' जोडलेल्या हातांची रांग लागली. 'अभिनंदन दादा.' 'लालबागची शान.' कार्याध्यक्षांनी लिहिलं, 'फोटो मंडळाच्या बॅनरसाठी लागेल. हसरा काढ.'

बायको फणसवाडीतली. तिच्या माहेरी चार पिढ्या कारकुनी आणि शिक्षण, त्यामुळे सत्काराचं तिला अप्रूप नाही. ती म्हणाली, "त्यांनी 'सत्कार' हा शब्द उच्चारला का?"

"तसं तोंडाने थोडंच सांगतात? सरप्राइज असतं."

"आईंना घेऊन जा मग. मला रजा नाही."

आई तयारच होती. भाचीच्या लग्नातली जांभळी साडी नेसली, अंबाड्यात गजरा खोवला. मी इस्त्रीचा झब्बा घातला. बसमध्ये बसून मनातल्या मनात भाषण पाठ केलं. 'हा सन्मान माझा नसून लालबागच्या मातीचा आहे,' असा शेवट होता. एवढं कडक वाक्य आजवर कुठल्या व्यासपीठावर वापरायला मिळालं नाही, म्हणून ते इथे लिहून टाकतो.

रक्तपेढी परळला. आम्हाला हॉलमध्ये नेलं नाही, एका छोट्या खोलीबाहेर बसवलं. खुर्च्या दोनच, हारतुऱ्यांचा पत्ता नाही. मला वाटलं, आत असेल. मला एकट्यालाच बोलावलं, तेव्हा आई म्हणाली, "जा. फोटोच्या टायमाक माका हाक मार."

आत एसी असा लावला होता की झब्ब्यातून थंडी हाडात शिरली. टेबलापलीकडे माझ्याच वयाच्या एक मॅडम बसल्या होत्या, समुपदेशक. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. शेजारी कागदी रुमालांचा डबा. मी बसता बसताच सुरुवात केली, "खरं तर मॅडम, हा सन्मान..."

त्यांनी मला थांबवलं नाही. फार सभ्य बाई. लालबागच्या मातीपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही दिलेलं रक्त आम्ही तपासतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात हिपॅटायटिस बी आढळला. म्हणजे एका प्रकारच्या काविळीचा विषाणू. दुसऱ्या नमुन्याने खात्री करायचीय, आणि पुढे लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचंय. म्हणून बोलावलं."

मी म्हणालो, "पण मी बी.एस्सी. आहे."

हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही.

"हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही ते नावापुढे लिहिलं होतंत."

"मला कावीळ झालेलीच नाही मॅडम. मी ठणठणीत आहे. गणपतीत दहा दिवस उभा असतो."

"बहुतेक जण ठणठणीतच असतात. हा वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, ना डोळे पिवळे होत ना काही. रक्त द्यायला येतात ती धडधाकट माणसं, आणि त्यांच्यातही हा सापडतो. मोठं शिबिर झालं की एखादा तरी असा फोन मला करावा लागतोच. तुम्ही एकटे आहात असं डोक्यात घेऊ नका."

मग त्यांनी विचारलं, "आधीही रक्त दिलंत म्हणता. तेव्हा कोणी कळवलं नाही?"

"नाही. दर वेळी वेगवेगळ्या रक्तपेढ्या असायच्या."

"फोन नंबर कुठला देत होतात?"

"मंडळाचा," मी ताठ बसून सांगितलं. "ऑफिसचा लँडलाइन."

"तो लागतो?"

तो फोन कधी बंद पडला ते कोणालाच आठवत नाही. त्याच्यावर आम्ही मखराचं मखमली कापड घालून ठेवलंय आणि वर पितळी गणपती बसवलाय. पण नंबर बोर्डावर रंगवलेला आहे, वर्गणीच्या पावतीवर छापलेला आहे, आणि शिबिराच्या प्रत्येक फॉर्मवर आम्ही तोच लिहीत आलो. सदस्य मंडळाचा, रक्त मंडळाचं, मग नंबरही मंडळाचाच, असा आमचा हिशोब. या जानेवारीत नवी रक्तपेढी आली आणि त्यांच्या मुलीने हट्टच धरला, स्वतःचा मोबाइल द्या, नाहीतर रक्त घेणार नाही. मी तिच्याशी भांडलोही होतो.

"म्हणजे आधीच्या बाटल्या..."

"विषाणू केव्हा आला ते आता सांगता यायचं नाही. पण आधीपासून असेल, तर प्रत्येक वेळी तपासणीत सापडला असणार आणि ते रक्त बाजूला काढून नष्ट केलं असणार. रुग्णाला कोणी देत नाही. त्याची काळजी करू नका."

त्या मला धीर देत होत्या. मला मात्र घरची भिंत दिसत होती. भिंतीवर ओळीने लावलेली, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं. कोण जाणे किती वर्षं मी वाजतगाजत, दृष्ट काढून घेऊन, कचऱ्याला रक्तदान करत होतो. हळदीच्या पोत्यावर शिक्के मारत फिरणारा मी, आणि माझाच माल दर वर्षी नापास.

बाहेर आई उठून उभी राहिली. माझ्या खांद्यांकडे बघितलं, हातांकडे बघितलं.

"शाल खंय आसा रे?"

बसस्टॉपवर मी तिला सगळं सांगितलं. तिने माझी बोटं हातात घेऊन नखं तपासली. ती अर्थातच पिवळी होती, बारा महिने असतात. तरी तिने तिथेच ठरवून टाकलं की हळद, तेल, मासे बंद. बस आली तेव्हा म्हणाली, "आणि पयल्या खाटेर आता कोण रे झोपतलो?"

मला वाटलं होतं, तिला माझ्या यकृताची चिंता लागेल. पण आईने नेमकी दुखरी जागा दाबली, कारण मीही तोच विचार करत होतो. तो मान कोणी विकत घेऊन दिला नव्हता. माझा बाप मिलमध्ये गेला आणि खाली मान घालून तिथून परत आला. मान वर करून लोकांसमोर उभं राहायचं पहिल्यांदा जमलं ते मला, आणि तेही या खाटेमुळे. एक मे जवळ येत होता.

घरी आल्यावर मी स्वतःचं ताट, पेला, चमचा वेगळा काढला आणि सज्जात जेवायला बसलो. सात वर्षांच्या लेकीला सांगितलं, बाबांना हात लावू नकोस.

बायकोने सज्जाच्या दारात उभं राहून विचारलं, "हे काय नाटक?"

"संसर्ग आहे."

"मॅडमनी काय सांगितलं? एकत्र जेवल्याने होतो?"

"नाही. रक्तातून. दुसऱ्याची सुई, वस्तरा... आणि तुझीही तपासणी सांगितलीय."

"ती मी उद्याच करते. मग ताट का वेगळं?"

"खबरदारी."

"अरे, प्राणिशास्त्राला हा प्रश्न आला नव्हता?"

"आला होता. दहा मार्कांना."

"काय लिहिलंस?"

"हेच. एकत्र जेवल्याने होत नाही."

"मग आत ये. पास झालास ना तेव्हा?"

मी ताट घेऊन आत आलो. लेक येऊन मांडीत बसली. हे सगळं लिहिताना मला हसू येतं. त्या संध्याकाळी आलं नव्हतं.

घरच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. बायको, आई, दोघींना काही नव्हतं. लेकीला जन्मल्यावरच लस दिलेली होती. बायकोने लस सुरू केली. लिव्हरच्या डॉक्टरांनी मला दुसऱ्या चाचण्या करायला लावल्या आणि म्हणाले, सध्या औषध नको, दर सहा महिन्यांनी दाखवत जा, दारू पिऊ नका, रक्त देऊ नका. कुठून आलं ते सांगता येणार नाही म्हणाले. ते मला पटलं नाही. मी महिनाभर संशयितांचा माग काढला. लहानपणीच्या डॉक्टरांची उकळलेली काचेची सिरिंज, नाक्यावरचा न्हावी, जत्रेत दंडावर गोंदवलेला गणपती. शेवटी न्हाव्याकडे रागाने बघायचं ठरवून गेलो आणि दाढी करून घेऊन आलो. ब्लेड नवं होतं, हे पाकीट फोडताना बघितलं.

ग्रुपवर 'दादा, फोटो?' येत होतं. मी लिहिलं, 'कार्यक्रम पुढे ढकलला आहे.'

आता एक मेला काय सांगायचं? शिबिरप्रमुख असल्यामुळे रक्त न देण्याची सगळी कारणं मला तोंडपाठ होती. कुत्रा चावला, अँटिबायोटिक चालू, दात काढला. इतरांना परत पाठवण्यासाठी पाठ केलेली यादी अशी कामाला आली. मी दात निवडला.

बायको म्हणाली, "आणि पुढच्या जानेवारीला?"

"दुसरा दात."

"वर्षाला दोन. बत्तीस दात सोळा वर्षं पुरतील. त्यानंतर काय, कवळी?"

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात गेलो तर पोरं फॉर्म भरत बसली होती. ही आमची जुनी पद्धत. सकाळी गर्दी झाली की वेळ जातो आणि समोरच्या गल्लीतलं मंडळ बाटल्यांत पुढे जातं, म्हणून नेहमीच्या रक्तदात्यांची नावं, पत्ते आधीच लिहून ठेवायचे. प्रत्येक फॉर्मवर तोच नंबर पडत होता. मखमलीखालच्या फोनचा.

"थांबा," मी म्हणालो. "ज्याचा त्याचा मोबाइल नंबर लिहा."

कार्याध्यक्ष पंख्याखाली बसले होते. "अरे, कशाला? या वेळी जुन्यांपैकीच एक रक्तपेढी आहे, त्यांना चालतो. शिवाय ते प्रत्येकाला भेट म्हणून बॅग देतात."

"नियम आहे."

"नियम? जानेवारीत त्या पोरीच्या अंगावर तूच धावून गेला होतास, की मंडळाचा नंबर म्हणजे काय भुताचा नंबर आहे का म्हणून."

पोरं हसली. मीही हसलो.

"शंभरेक फॉर्म आहेत. परत कोण लिहिणार? आणि रक्त दिलेल्याला फोन करणार कोण, सांग. तुला आला होता, तो सत्काराचा. बाकीच्यांचं नशीब कुठलं तेवढं?"

बोललो असतो तर तिथेच सगळं बाहेर आलं असतं. घरी आलो. पण त्या फोनवरचा पितळी गणपती डोळ्यांपुढून हलेना. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी तो नंबर दिला. मॅडम म्हणाल्या होत्या, मोठ्या शिबिरातून एखादा तरी निघतोच. म्हणजे आमच्याही गल्लीत कोणीतरी असणार, ठणठणीत, घरच्यांची तपासणी न केलेला. आणि त्याच्यासाठी वाजणारा फोन आम्ही मखमलीत गुंडाळून ठेवलेला.

सकाळी मी डाव्या गालात कापसाचा बोळा कोंबला. दात काढल्यासारखं दिसायला हवं ना. आरशात बघितलं, झकास सुजलो होतो. बायको फक्त म्हणाली, "बाजू लक्षात ठेव."

हॉल भरला होता. खाटा मांडल्या होत्या, पहिलीवर नेहमीप्रमाणे स्वच्छ पांढरी चादर. आई पहिल्या रांगेत, जांभळ्या साडीत, मूठ मिटलेली. तिला दाताचं नाटक ठाऊक होतं, तरी मीठ-मिरच्या घेऊनच आली होती. कोपऱ्यात चहा-बिस्किटांच्या टेबलामागे मंडळाचा जुना कार्यकर्ता होता, दिवसभर टॅक्सी चालवणारा, माझ्याहून थोडा मोठा. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत तोही रक्त द्यायचा, मग एकाएकी द्यायचा थांबला आणि चहाचं टेबल धरून बसला. सुईला घाबरला म्हणून मी माईकवरून त्याला 'सुईबहाद्दर' म्हणायचो. तो हसून चहा ओतायचा.

कार्याध्यक्षांनी माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "भंधू आणि भगिनींनो, भाजा दाथ..."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून एक पोरगा ओरडला, "दादा, ऑडिओ खराब आहे!"

मी परत सुरुवात केली. "फॉर्भवर थोभाइल नंबर..." आणखी हशा. कार्याध्यक्ष कानात म्हणाले, "नंबराचं सोड. उद्घाटन कर आणि बस."

मी गालात बोट घातलं आणि सगळ्यांसमोर तो ओला बोळा बाहेर काढला. हातात धरून उभा राहिलो. ठेवायला जागा नव्हती, खिशात टाकला.

"दात ठीक आहे," मी म्हणालो. "मला काविळीचा विषाणू निघालाय. रक्तात. हिपॅटायटिस बी. सत्कार नव्हता तो, हे सांगायला बोलावलं होतं. मला काही होत नाही, पण माझं रक्त चालत नाही. आधीचंही बहुधा चाललं नसेल. आणि ते मला कोणी सांगू शकलं नाही, कारण मी नंबर दिला होता आपल्या ऑफिसचा. तुम्हीपण तोच दिलाय. फॉर्म परत घ्या आणि स्वतःचा नंबर लिहा. बास."

हशा थांबला होता. दोन-तीन जण दाराकडे सरकले. पुढच्या खुर्चीवरच्या बाईने आपला पदर आवरून घेतला, जणू मी शिंकलो होतो. कार्याध्यक्षांनी माईकवर हात ठेवला. "अरे काय बोलतोस! लोक पळतील. बाटल्या मार खातील."

तेवढ्यात चहाच्या टेबलामागून आवाज आला, "मलापण आला होता फोन."

सगळ्या माना तिकडे वळल्या. टॅक्सीवाला हातात किटली घेऊन उभा होता. "मी बायकोचा नंबर लिहिला होता, म्हणून लागला. हेच निघालं. रक्त बंद झालं, चहा चालू केला. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पिताय, झाली का कोणाला कावीळ?" मग माझ्याकडे बघून, "ये सायबा. सुईबहाद्दर नंबर दोन. कप मांड."

कोणीतरी हसलं. मग पोरांनी पेनं काढली. दाराकडे गेलेल्यांपैकी एक परत आला, बाकीचे नाही आले. फॉर्मांवर काट मारून नवे नंबर पडायला लागले. कोणी बायकोला हाक मारून स्वतःचाच नंबर विचारून घेत होतं.

पण पहिली खाट रिकामी होती. मानाची खाट, तिच्यावर चढायला कोणी तयार होईना. सगळे मान देत कार्याध्यक्षांकडे बघायला लागले. कार्याध्यक्षांनी उभ्या आयुष्यात रक्त दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "माझं बीपी..." डॉक्टरांनी तिथल्या तिथे बीपी मोजलं. चांगलं होतं. ते खाटेवर आडवे झाले, डोळे गच्च मिटले आणि सुई टोचण्याआधीच "आई गं" म्हणाले. बाटली भरल्यावर माझी आई उठली आणि तिने मूठ उघडून त्यांची दृष्ट काढली. मिरच्या फुकट घालवायच्या नाहीत, एवढाच तिचा हेतू होता. मी किटली धरून बघत होतो. जळलो जरा. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी बाटल्या समोरच्या मंडळापेक्षा कमी झाल्या. कार्याध्यक्ष ते मला अजून ऐकवतात. काही जण माझ्या हातचा चहा घेत नाहीत, पोट भरलंय म्हणतात. मीही आग्रह करत नाही.

महिन्याभराने एका संध्याकाळी दार वाजलं. वरच्या मजल्यावरचा, कुरिअर कंपनीत काम करणारा गृहस्थ. दोन मुलांचा बाप, आमच्या शिबिराचा नेहमीचा. आत येईना. दारातच उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "दादा, रक्तपेढीतून फोन आला. या म्हणाले. फोनवर सांगत नाहीत."

"सोबत कोणाला तरी आणा म्हणाले?"

"हो." त्याने जिन्याकडे बघून घेतलं. "सत्कार नसेल ना?"

"नसेल," मी म्हणालो. "मी येतो सोबत. उद्या अर्धी रजा टाकतो."

आई आतून सगळं ऐकत होती. ती कपाटाशी गेली, खुडबुड केली आणि आपली जुनी करडी शाल घेऊन बाहेर आली. बाहेर अंगाची लाही होत होती. तिने ती शाल त्याच्या हातात कोंबली.

"ही घेवन जा," ती म्हणाली. "थंय आत गारठो असता."